दवाखान्यापर्यंतची वाट मोजा

प्रति,
मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मंत्रिमहोदय, हे पत्र पाचगणीहून लिहीत आहे. आपण राधानगरी, भुदरगड, आजरा या डोंगरी भागाचे प्रतिनिधी. पावसाळ्यात ओढा चढला की पलीकडची वाडी कशी अडकते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून मागणीच आधी मांडतो. राज्यात आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कुठे असावे, हे आज मुख्यतः लोकसंख्येवर ठरते. सह्याद्रीच्या पट्ट्यात हा हिशेब बदला. आजारी माणसाला, बाळंतिणीला, साप चावलेल्या मजुराला घरापासून उपचारापर्यंत भर जुलैत पोहोचायला किती वेळ लागतो, तो वेळ पायाशी धरून आरोग्यसेवा आखा. पुढे जे लिहिले आहे ते या मागणीच्या समर्थनासाठी आहे.

पाचगणीचे आणि आरोग्याचे नाते जुने आहे. १८६०च्या दशकात जॉन चेसन यांनी हे ठिकाण वसवले, कारण महाबळेश्वरच्या धुवाधार पावसात राहणे कठीण आणि इथे मात्र बारा महिने राहता येई. पुढे १९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी इथे बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ सालीच शोधला होता, पण त्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चे दशक उजाडले. मधल्या साठ वर्षांत क्षयावरचा उपचार म्हणजे कोरडी मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी आणि वाट पाहणे. ज्याला महिनोन्महिने कामधंदा सोडून डोंगरावर राहणे परवडे, त्यालाच हा उपचार मिळे. गिरणीत राबणाऱ्याला तो माहीत असून उपयोग नव्हता. महात्मा गांधी आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर १९४४च्या जुलैत प्रकृती सुधारण्यासाठी पाचगणीलाच येऊन राहिले होते. पाचगणीच्या हवेची ख्याती देशभर होती, पण ती हवा मिळायची तर आधी इथवर यावे लागे.

मग मद्रासमध्ये एक मोठी गोष्ट घडली आणि ती आजच्या माझ्या मागणीशी थेट जोडलेली आहे. १९५६ साली तिथे क्षयरोगाच्या औषधोपचारावर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे नेतृत्व करत होते. शहराच्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतले क्षयरोगी निवडून त्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले: खाट, शुश्रूषा, चांगले जेवण, पूर्ण विश्रांती. दुसऱ्या गटाला त्यांच्याच अंधाऱ्या खोल्यांत राहू दिले. औषधे दोघांना तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतले रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले होते आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाल्याचेही दिसले नाही. जगभरच्या आरोग्यधामांचा पाया त्या एका अभ्यासाने हलला. औषध नियमित मिळाले तर गरिबाला डोंगरावर यायची गरज नाही, औषधच त्याच्या दारी गेले पाहिजे, हे भारताने जगाला दाखवून दिले. त्यातूनच घरी राहून घ्यायच्या उपचाराचे राष्ट्रीय धोरण उभे राहिले.

आरोग्यातली समता अशी येते, मंत्रिमहोदय. कुणीतरी शास्त्रशुद्ध विचार करतो, शासन त्यावर निर्णय घेते, त्यासाठी पैसा आणि माणसे लावते आणि कालपर्यंत काहींचीच असलेली गोष्ट सर्वांची होते. बेल-एअरही काळाबरोबर बदलले. रेडक्रॉसच्या छत्राखाली त्याने पुढे एचआयव्हीबाधितांची सेवा केली, तीही घरचेच पाठ फिरवत होते अशा काळात. सांगली आणि सातारा या जिल्ह्यांनी त्या साथीची झळ फार सोसली. २००४च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने एचआयव्हीची औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ऊसपट्ट्यातल्या, महामार्गालगतच्या शेकडो कुटुंबांत मृत्यूचा फेरा थांबू लागला. औषध त्याआधीही जगात होतेच. ते गरिबाच्या हातात पडले ते धोरणामुळे.

आता याच डोंगराची दुसरी बाजू पाहा.

पाचगणीतून महाबळेश्वर ओलांडून तापोळ्याच्या बाजूला उतरले की कोयनेचा शिवसागर जलाशय लागतो. त्याच्या पलीकडे कांदाटी खोरे आहे: शिंदी, वलवण, चकदेव, पर्वत, उचाट, सालोशी, अकल्पे, लामज, कांदाट अशी डोंगरात विखुरलेली गावे, त्यांच्या वाड्या आणि धनगरवाडे. कोयना धरण झाले, नदीचा जलाशय झाला आणि या गावांची पूर्वापार पायवाट पाण्याखाली गेली. १०५ टीएमसीचे हे धरण आणि त्यावरचा वीज प्रकल्प हे महाराष्ट्राच्या उद्योगाचे बळ. त्या बळाची किंमत मात्र या खोऱ्याने लाँच, तराफा आणि घाट यांच्या वेळापत्रकात चुकवली. आजारी माणूस आधी वाडीतून खाली धक्क्यापर्यंत न्यायचा, मग लाँच मिळाली तर पाण्यावरून तापोळ्याला, तिथून वाहनाने घाट चढून महाबळेश्वरला आणि तिथे भागले नाही तर पाचगणी, वाई, सातारा. वाऱ्या-पावसात लाँच थांबते. चकदेवला तर कोकणातून चढणारी शिड्यांची वाट आजही पायाखालची आहे. गिर्यारोहक हौसेने ती चढतात, गावकऱ्यांसाठी ती वाटच आहे.

या खोऱ्यातल्या काही गावांचा रोजचा संबंध साताऱ्याशी कमी आणि खेडशी जास्त आहे. रघुवीर घाटाने खाली उतरले की रत्नागिरी जिल्ह्यातले खेड जवळ पडते. बाजार तिकडे, एसटी तिकडची, नातीगोतीही तिकडची. पण आरोग्य खात्याच्या कागदावर ही गावे सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर तालुक्यात आहेत, म्हणून त्यांचे केंद्र, त्यांचा संदर्भ दवाखाना, त्यांच्या गरोदर बायकांची नोंद डोंगराच्या या बाजूला होते. जिल्ह्याची हद्द महसुलासाठी आखलेली असते, ती बाळंतपणाच्या कळांना कळत नाही. दोन जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणांनी एकत्र बसून, कुठली वाडी पावसाळ्यात कुठे उतरणार हे ठरवावे आणि पलीकडच्या जिल्ह्यातल्या रुग्णाला कसलीही आडकाठी न ठेवता दाखल करून घ्यावे. एवढ्यासाठी नवा रुपया लागत नाही. पावसाळ्यात रघुवीर घाटात दरड आली तर दुसरी वाट कोणती, हेही त्याच बैठकीत ठरू शकते.

लोकसंख्येचा निकष इथे कसा फसतो, तो हिशेब मांडतो. राष्ट्रीय मानकांनुसार डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८० हजारांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय. मैदानी भागासाठी हेच आकडे ५ हजार, ३० हजार आणि १ लाख २० हजार आहेत. डोंगराला सवलत दिली आहे, हे खरे. पण २०११च्या जनगणनेत संपूर्ण महाबळेश्वर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७३ हजार होती. म्हणजे शंभरहून अधिक गावांचा, दऱ्याखोऱ्यांचा, मधोमध धरणाचे पाणी पसरलेला हा सगळा तालुका मानकाच्या हिशेबात एका ग्रामीण रुग्णालयालाही पुरता पात्र ठरत नाही. एका उपकेंद्राचा तीन हजारांचा आकडा भरायला कांदाटी खोऱ्यात किती डोंगर ओलांडावे लागतील, याचा विचार या कोष्टकात नाही. ज्या वाडीत पंधरा उंबरे आहेत तिथे माणसे कमी आहेत म्हणून त्यांचा ताप कमी नसतो.

आणि याच तालुक्यात उलटा फसवा हिशेबही आहे. मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात पाचगणी-महाबळेश्वरला जी गर्दी लोटते ती जनगणनेत नाही. हॉटेलांत, बांधकामांवर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर राबायला बाहेरून आलेले मजूर इथल्या लोकसंख्येत धरलेले नाहीत. पसरणीच्या घाटात वाहनांची रांग लागली की रुग्णवाहिकाही त्याच रांगेत असते. वाई ते पाचगणी हे अंतर नकाशावर बारा-तेरा किलोमीटर आहे, गर्दीच्या शनिवारी ते किती मिनिटांचे होते हे इथे राहणाऱ्याला ठाऊक आहे. नाक्यावर पर्यटकांकडून प्रवासी कर घेतला जातो. त्यातला ठरावीक वाटा तालुक्याच्या आरोग्यसेवेला, त्यातही दरीतल्या गावांच्या रुग्णवाहतुकीला देण्याचा विचार आपल्या आणि नगरविकास खात्याने मिळून करावा, असे मला वाटते. जी हवा विकून इथली हॉटेले भरतात, ती हवा त्या दरीतल्या लोकांचीही आहे.

वेळेचा निकष ही माझी कल्पना नाही. केंद्र सरकारनेच डोंगरी आणि वाळवंटी भागातल्या निवडक जिल्ह्यांसाठी, वस्तीपासून पायी अर्ध्या तासाच्या आत उपकेंद्र असावे, असा निकष मान्य केलेला आहे. इगतपुरीपासून चंदगडपर्यंतच्या घाटमाथ्याला महाराष्ट्राने हाच निकष स्वतःहून लावावा आणि त्याला आणखी एक जोड द्यावी: सिझेरियनची सोय, रक्तसाठा आणि सर्पदंशावरचे प्रतिविष जिथे खात्रीने असेल असे ठिकाण कुठल्याही वाडीपासून पावसाळ्यातही एका ठरावीक वेळेत गाठता आले पाहिजे. ती वेळ किती असावी हे तज्ज्ञांनी ठरवावे. पण ती ठरावी, जाहीर व्हावी आणि प्रत्येक वाडीसमोर लिहिली जावी. ज्या वाडीतून त्या वेळेत पोहोचता येत नाही, तिच्यासाठी शासन काय करणार आहे, हे पुढच्या रकान्यात असावे. आज अशी यादी कुठेही नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेला, आशा ताईला, तलाठ्याला बरोबर घेतले तर एका पावसाळ्यात ती तयार होईल.

मातामृत्यूंचा अभ्यास करणारे तीन उशिरांबद्दल सांगतात. घरातून निघायचा निर्णय घ्यायला झालेला उशीर, वाटेत झालेला उशीर आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला झालेला उशीर. आपल्या बहुतेक योजना पहिल्या उशिरावर आहेत, म्हणजे जनजागृती. काही तिसऱ्यावर आहेत. मधला उशीर मात्र रस्ते खाते, जलसंपदा खाते, वन खाते आणि आरोग्य खाते यांच्या मधोमध पडून राहतो. त्याचा धनी कुणीच नाही. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आंबेनळी घाट खचला, तापोळ्याकडचे रस्ते तुटले, शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही गावे दरडीखाली आली. असा पाऊस पुन्हा येणारच नाही, असे आता कुणी म्हणत नाही. त्या दिवसांत डायलिसिसच्या रुग्णाने, नवव्या महिन्यातल्या बाईने कुठे असावे, याची योजना जून उजाडण्याआधी तयार हवी. प्रसूतीची तारीख जवळ आली की गरोदर बाईला आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचे, अशी ‘माहेरघर’ योजना राज्याने आदिवासी भागात राबवलेली आहे. ती कांदाटीसारख्या खोऱ्यांना लागू करा. इथे अडचण डोंगराची आहे. आदिवासी क्षेत्राच्या अधिसूचनेत नाव नसल्यामुळे ती कमी होत नाही.

पाण्यावरचा प्रश्न पाण्यावरच सोडवावा लागतो. नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या गावांसाठी याच राज्याने तरंगता दवाखाना चालवला. आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर नौकांवरचे दवाखाने दोन दशके जात आहेत. शिवसागराला हेच करता येईल. मात्र बोट रुग्णवाहिका आणून, फीत कापून ती धक्क्याला बांधली की काम झाले असे नाही. तिला चोवीस तासांचा चालक हवा, डिझेलची तरतूद हवी, धुक्यात आणि रात्री चालण्यासाठी दिवे आणि प्राणवायू हवा, आणि १०८ रुग्णवाहिकांच्या यंत्रणेला ती दिसली पाहिजे. तापोळा आणि अहीर यांच्या मधल्या पुलाचे काम शासनाने हाती घेतले, याचे स्वागत आहे. पूल झाला की खोऱ्याचा काही भाग जवळ येईल, सगळा येणार नाही.

इमारत आणि वाहन यांच्याइतकाच माणसाचा प्रश्न आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर ओलांडले की महाड लागते. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, मरत होती आणि जगातल्या वैद्यकशास्त्राकडे त्यावर ठोस उत्तर नव्हते. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले, लक्षणे टिपत राहिले आणि रक्तदाबावरचे एक साधे, स्वस्त औषध, प्राझोसिन, या दंशावर चालते हे त्यांनी दाखवून दिले. दंश झालेल्यांतले मृत्यू चाळीस टक्क्यांच्या आसपासवरून एक टक्क्यावर आले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांचे लेखन छापले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे संशोधन कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत झाले नाही. ते झाले कारण एका लहानशा आरोग्य केंद्रात डॉक्टर मुक्कामाला होता.

मुक्कामाला डॉक्टर राहायचा तर त्याला राहण्याजोगे घर हवे, नळाला पाणी हवे, त्याच्या मुलांच्या शाळेची सोय हवी, पत्नी किंवा पती नोकरीत असेल तर जवळ नेमणूक हवी. दुर्गम केंद्रात तीन वर्षे काढणाऱ्याला पदव्युत्तर प्रवेशात आणि पगारात घसघशीत फरक जाणवला पाहिजे. कंत्राटी नेमणुकीवर, महिनोन्महिने मानधन थकलेल्या माणसाकडून आपण सेवाभावाची अपेक्षा करतो, तेव्हा शासन आपली जबाबदारी त्याच्या मनाच्या चांगुलपणावर ढकलत असते. डॉक्टर शहरांत गोळा होतात हे सांगली जिल्ह्यातही दिसते. मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात ते उगीच नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयापासून तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ कर्नाटकापर्यंतचे रुग्ण येतात. पण त्याच जिल्ह्याच्या जत तालुक्यातल्या पूर्वेच्या गावाला मिरज गाठायची म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. तिथे डोंगर नाही, माळ आहे. वेळ तिथेही लागतो.

आशा ताईंबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्याविषयी सगळे पुष्कळ बोलतात. गावातलीच बाई शिकवली तर ती आरोग्याचे निम्मे काम करते, हे महाराष्ट्राने देशाला शिकवले. डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला ते करून दाखवले. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला गावच्या बायकांना तयार केले आणि अर्भकमृत्यू निम्म्याहून खाली आणले. २००५च्या राष्ट्रीय अभियानातली आशा ही त्यांच्याच वाटेने पुढे आली. त्याच महाराष्ट्रात आशांना रास्त मोबदल्यासाठी आझाद मैदानावर बसावे लागले. मार्च २०२४ मध्ये राज्याने मासिक मोबदल्यात ५ हजारांची वाढ दिली, हे चांगले झाले. आता दोन गोष्टी करा: हा पैसा दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मिळू द्या, आणि डोंगरातल्या आशेला, जी एका घरासाठी तासभर चालते, वेगळा प्रवासभत्ता द्या.

क्षयाकडे पुन्हा येतो, कारण पाचगणीला क्षयाबद्दल बोलायचा अधिकार आहे. मद्रासच्या अभ्यासाने सांगितले की औषध नियमित असेल तर साध्या घरात, साध्या जेवणावरही रुग्ण बरा होतो. पण रुग्णाच्या घरातल्या इतरांना क्षय होण्यापासून कसे वाचवायचे, हा प्रश्न उरला होता. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये केलेला अभ्यास २०२३च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरोग्यांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांचा त्यात समावेश होता. ज्या कुटुंबांना जादा शिधा आणि जीवनसत्त्वे दिली, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. जंतू तपासणीत सिद्ध झालेल्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. तांदूळ, डाळ, जीवनसत्त्वे. एवढ्यावर हे घडले.

रुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १ हजार झाले. घरातल्या इतरांचा शिधा मात्र अजूनही बव्हंशी दात्यांच्या मनावर सोपवलेला आहे. ‘निक्षय मित्र’ म्हणून हा शिधा देणाऱ्यांचे मी आभार मानतो, पण जो उपाय निम्म्याच्या आसपास क्षय रोखू शकतो तो देणगीवर कसा ठेवता येईल? राज्याकडे रास्त भाव दुकानांचे जाळे गावागावांत आहे. क्षयरोग्याच्या कुटुंबाला सहा महिने डाळ, तेल आणि दुधाच्या भुकटीसह जादा शिधा त्या दुकानातूनच मिळावा, अशी योजना महाराष्ट्राने आपल्या खर्चाने करावी. शंभर वर्षांपूर्वी आरोग्यधामात ऐपतदारांच्या ताटात जे वाढले जाई, त्याचा निम्मा वाटा जरी आज वाडीवरच्या घरात पोहोचला तरी त्या घरातला पुढचा रुग्ण कमी होईल.

आपल्या सरकारने केलेल्या चांगल्या गोष्टींची नोंद न घेणे अन्याय होईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व उपचार मोफत झाले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण त्याच वर्षी ५ लाखांवर नेऊन राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुले करण्याचा निर्णय झाला. पण विमा रुग्णालयाच्या दारात सुरू होतो आणि कांदाटीतल्या रुग्णाचा खर्च दारापर्यंत पोहोचतानाच होऊन जातो. शिवाय योजनेत सामील असलेली रुग्णालये शहरांत आहेत, म्हणून विम्याचा पैसाही शहरांकडेच वाहतो. मोफत सेवा जवळ असेल तरच ती मोफत ठरते. दूरची मोफत सेवा भाड्याच्या जीपएवढी महाग असते.

पैशाची अडचण आपण सांगाल. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे म्हटले होते. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांत गणला जाणारा महाराष्ट्र अजून त्याच्या बराच खाली आहे. हे राज्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. औषध खरेदीचे पाहा: तमिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ उभे करून औषध खरेदी आणि साठ्याची घडी बसवली. आपल्याकडे असे प्राधिकरण कायद्याने यायला २०२३ उजाडले, आणि त्याच वर्षी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत ३१ मृत्यू झाले तेव्हा औषधांच्या आणि मनुष्यबळाच्या टंचाईवर राज्यभर चर्चा झाली. ते प्राधिकरण आता पूर्ण ताकदीने चालवा. दरीतल्या उपकेंद्राचा पावसाळी साठा मे महिन्याच्या अखेरीला पोहोचलेला असला पाहिजे.

राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा केला. त्यात त्रुटी आहेत, डॉक्टर संघटनांशी त्यावरून संघर्षही झाला, तरी आणीबाणीच्या वेळी पैसे आधी न मागता उपचार मिळण्याचा नागरिकाचा हक्क तिथे कायद्याच्या पुस्तकात आला. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी करणाऱ्या महाराष्ट्राने आरोग्याचा हक्क मागे ठेवावा, हे पटत नाही. असा कायदा होईल तेव्हा त्यात ‘वेळेत’ हा शब्द असू द्या. हक्क आहे, पण तिथे पोहोचायला सहा तास लागतात, असा हक्क कुणाच्या कामाचा नाही.

कायदा यायला वर्षे लागतील, ते मला कळते. म्हणून या पत्रातले मागणे त्याहून लहान आहे. आपल्या खात्याचा नवा बृहत् आराखडा २०२७च्या जनगणनेची वाट पाहत असेल, तर ती येण्याआधीच ठरवा की घाटमाथ्यावरच्या तालुक्यांत लोकसंख्येबरोबर वेळेचाही निकष लागेल. सुरुवात महाबळेश्वर, जावळी आणि पाटण या तीन तालुक्यांपासून करा. आपल्या राधानगरीचा आणि भुदरगडचाही त्यात समावेश करा. येत्या जुलैत आपल्या अधिकाऱ्यांना एकदा कांदाटी खोऱ्यात पाठवा, त्यांना एका वाडीतून महाबळेश्वरच्या रुग्णालयापर्यंत रुग्णाच्या वाटेने यायला सांगा आणि लागलेला वेळ फाइलवर लिहायला सांगा. या सगळ्यासाठी विधिमंडळात नवा कायदा मंजूर करावा लागत नाही. मंत्रिमंडळाच्या मान्यतेने निघालेला एक शासन निर्णय पुरेसा आहे. तो काढा.

आपला,
पाचगणीतील एक रहिवासी